भाताच्या मुलखातील मांजराचे पथ्य

मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगा ओलांडून पुढे आरमोरी, कुरखेडा हा सारा मुलूख धानाचा. ज्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून निवडून एचएमटी हे वाण सिद्ध केले, आणि जेथे मालगुजारांच्या अमदानीतले तलाव आजही बांध्यांना पाणी पुरवितात, त्या प्रदेशात घरच्या मांजराच्या वाट्यालाही भातच यावा, हे स्वाभाविक आहे. ताटातले शेवटचे दोन घास, त्यांवर दूध, क्वचित लाखोळीच्या वरणाचा हबका. मांजर ते खाते, त्यावर पोसते, लठ्ठही होते, आणि त्याचे लठ्ठ होणे हे घराच्या सुबत्तेचे व मायेचे लक्षण मानले जाते. या मायेविषयी मला नितांत आदर आहे. तथापि मांजराला मधुमेह जडला म्हणजे याच मायेला आपली रीत मुळापासून बदलावी लागते, आणि ती कशी बदलावी हे चंद्रपूरच्या आमच्या घरी ज्या क्रमाने उमगत गेले, तो क्रम येथे मांडावयाचा आहे.

बोक्या हा आमच्या थोरल्या वहिनींचा. वय दहा वर्षांच्या पुढे, लहानपणीच खच्ची केलेला, अंगाने स्थूल आणि दिवसाचा बहुतेक काळ पलंगाखाली निजून काढणारा. म्हणजे मांजरांतील मधुमेह ज्यांना विशेषेकरून गाठतो, त्यांच्यापैकीच एक. पूर्वी पाण्याकडे ढुंकून न पाहणारा हा प्राणी दिवसातून अनेकदा बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकवून पाणी पिऊ लागला, भूक वाढूनही त्याच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला, आणि न्हाणीच्या ज्या कोपऱ्यात तो लघवी करी, तेथे मुंग्यांची रांग दिसू लागली. मूत्राकडे मुंग्यांनी धाव घेणे हे मधुमेहाचे लक्षण आपल्या प्राचीन वैद्यांनी माणसाच्या बाबतीत नोंदवून ठेवले आहे. मांजराच्या बाबतीतही ते तितकेच खरे. पुढे तो मागचे पाय बोटांवर न टाकता घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला, तेव्हा साखरेचा उपद्रव मज्जातंतूंपर्यंत पोहोचला असल्याचे पशुवैद्यांनी सांगितले. नुसत्या भीतीनेही मांजराची रक्तशर्करा क्षणिक चढते, म्हणून त्यांनी एका आकड्यावर विसंबून न राहता लघवी तपासली आणि मागील काही आठवड्यांची सरासरी कळावी म्हणून फ्रुक्टोसामाइनची चाचणी करविली. निदानाची खातरजमा झाल्यावर दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, इन्सुलिन देण्याचे ठरले.

"डॉक्टरसाहेब, भात अजिबातच बंद करायचा का?" वहिनींनी विचारले.

"ताई, भातावाचून मांजराचं काही अडत नाही," ते म्हणाले, "पण भात बंद करायचा तो मला सांगून. आज भात काढला आणि सुई तेवढीच ठेवली, तर साखर एकदम खाली जाईल."

पुढील सर्व व्यवहार या दोन वाक्यांच्या चौकटीत झाला, म्हणून दोहोंचीही कारणे सविस्तर सांगणे अगत्याचे वाटते.

मांजर हा मूळ प्रकृतीनेच मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचविणारा पाचकरस नसतो, जेवणानंतर रक्तात एकदम आलेली साखर झपाट्याने उचलणारे ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात जवळजवळ नसते, आणि शरीराला लागणारी साखर ते प्रथिनांपासून अहोरात्र स्वतःच तयार करीत असते. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचे एक जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे दूधभातातली जी गोडी आपण प्रेमाने त्याच्यापुढे ठेवतो, ती त्याच्या जिभेला कळतही नाही, त्याला ओढ असते ती दुधातल्या स्निग्धांशाची. ताडोबाच्या झुडपांतून हिंडणारे रानमांजर किंवा ओंजळीत मावेल एवढ्या पिलांची वाघाटी उंदीर, पाखरे, सरडे यांवर जगते. मोकाट मांजरांच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के मेदातून आणि अवघी २ टक्के कर्बोदकांतून येते, असे आढळले. पलंगाखाली निजणाऱ्या बोक्याचे यकृतही त्याच रानातल्या घडणीचे आहे, आणि मधुमेहात इन्सुलिनचे बळ खचलेले असताना त्याच्यावर पिष्टाचा भार टाकणे सर्वथा अयोग्य होय.

येथपर्यंत तत्त्व झाले. प्रत्यक्ष निवडीचा आरंभ दुकानातील पाकिटाच्या पाठीवर होतो, आणि तेथे एक अडचण अशी की, ज्या घटकाची आपल्याला सर्वांत अधिक चौकशी, त्या कर्बोदकांचा आकडा बहुधा छापलेलाच नसतो. तो आपणच काढावा लागतो. प्रथिने, मेद, तंतू, ओलावा आणि राख यांची बेरीज शंभरातून वजा केली की उरते ते कर्बोदक. उदाहरणादाखल, कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर प्रथिने ३२, मेद १०, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ टक्के असेल, तर बेरीज ६४ आणि कर्बोदके ३६ टक्के. ओल्या अन्नाच्या पाकिटावर प्रथिने ९, मेद ३, तंतू १, ओलावा ८४ आणि राख २ असेल, तर उरतो फक्त १. ९ हा आकडा ३२ च्या मानाने क्षुल्लक भासून पुष्कळ लोक ओले अन्न निःसत्त्व समजतात. पण ओलाव्यामुळे हा भास होतो, म्हणून तुलना ऊर्जेच्या हिशेबाने करावी. प्रथिनांच्या व कर्बोदकांच्या दर ग्रॅमला साडेतीन आणि मेदाच्या दर ग्रॅमला साडेआठ कॅलरी धरल्या, तर पहिल्या अन्नातील सुमारे ३९ टक्के ऊर्जा कर्बोदकांची ठरते, दुसऱ्यातील सुमारे ६ टक्के. छापील आकडे किमान व कमाल मर्यादा सांगणारे असल्यामुळे उत्तर अदमासाचेच येते, पण निवड करण्यास ते पुरते. वहिनींनी हे गणित किराणा हिशेबाच्या वहीत मांडले आणि दुकानातील एकेक पाकीट पारखले. घटकांच्या यादीत तांदूळ, मका, गहू वा साखर आरंभीच असेल ते बाजूला; रश्श्याला दाटपणा आणण्यासाठी पिष्ट घातलेले असेल तेही शक्यतो बाजूला; आणि जे केवळ खाऊ म्हणून विकले जाते, संपूर्ण आहार असल्याचा निर्देश ज्यावर नाही, ते रोजच्या जेवणासाठी मुळीच नाही.

खर्चाचा प्रश्न याच वहीत पुढे उभा राहतो. दिवसाला २२० कॅलरी लागणाऱ्या मांजराला वरच्या हिशेबातले कोरडे दाणे ६८ ग्रॅम पुरतात, तर ओले अन्न सुमारे ३६० ग्रॅम, म्हणजे ८५ ग्रॅमची सव्वाचार पाकिटे लागतात. हा रोजचा खर्च सर्वांना झेपणारा नाही, आणि म्हणूनच कोंबडी शिजवून घालावी हा विचार प्रत्येक घरात येतो. तो विचार चांगला आहे, पण अपुरा आहे. नुसत्या मांसात हाडांतला चुना नाही; आणि टॉरिन हे द्रव्य, जे मांजराचे शरीर स्वतः पुरेसे घडवू शकत नाही, ते उकळताना पाण्यात उतरून ओतले जाते. टॉरिनच्या अभावी मांजराचे डोळे जातात, हे १९७५ च्या सुमारास कळले. हृदय फुगून निकामी होते आणि टॉरिन दिल्यास ते सावरू शकते, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील पशुवैद्य पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, आणि त्यानंतर कारखान्यांनी अन्नातील त्याचे प्रमाण वाढविले. कलेजीने सर्व उणिवा भरून निघतील अशी एक समजूत आहे. पण रोज भरपूर कलेजी घातली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मणक्यांची हाडे जखडतात. म्हणून घरचे शिजवलेले अन्न हाच मुख्य आहार करावयाचा असेल, तर चुना, टॉरिन व जीवनसत्त्वे यांचे प्रमाण पशुवैद्यांकडून लिहून घेतल्याखेरीज तसे करू नये. आमच्या घरी ठरले ते असे: मुख्य आहार संपूर्ण पोषणाचे ओले अन्न, आणि उकडलेली कोंबडी दिवसाच्या ऊर्जेच्या दशांशाहून अधिक नाही, तीही तिच्या पाण्यासकट.

मासळीविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे, कारण या मुलखात ती मुबलक. पावसाळ्यानंतर तलावांतील रोहू, कतला, मरळ, झिंगे बाजारात येतात, आणि ढिवर बायांच्या पाट्यांपाशी मांजरांचीही हजेरी असते. मासळीत कर्बोदक जवळजवळ नाही, म्हणून मधुमेहाला ती चालते. मात्र रोहू-कतल्याच्या कुळातील कच्च्या माशांत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, आणि कच्ची मासळी सतत खाणाऱ्या मांजराची मान झुकते, तोल जातो, झटके येतात. उकडल्याने ते विकर नाहीसे होते. म्हणून मासळी उकडावी, काटे बोटांनी चाचपून काढावेत, मीठ-तिखट घालू नये. खारवलेली सुकी मासळी वर्ज्य. कांदा-लसणाचा रस्सा तर निरोगी मांजरालाही देऊ नये, कारण त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिवाय उन्हाळ्यात तलाव आटले की मासळी दुर्मीळ होते. जे बारमाही मिळत नाही त्यावर रोग्याचा नित्याहार उभा करता येत नाही.

आता डॉक्टरांच्या दुसऱ्या वाक्याकडे वळतो. इन्सुलिनची मात्रा ही विशिष्ट अन्नाला जुळवलेली असते; कर्बोदके घटली की गरजही घटते, कधी फार जलद. मात्रा जुनी आणि अन्न नवे, अशा स्थितीत साखर उतरून मांजर लटपटते, थरथरते, बेशुद्ध होते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून तत्काळ दवाखाना गाठावा लागतो. ते टाळण्यासाठी वहिनींनी नवे अन्न जुन्यात थोडेथोडे मिसळून आठवडा-दीड आठवड्यात बदल पुरा केला, कानाच्या कडेच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजली, आणि प्रत्येक आकडा, प्रत्येक जेवणाचे वजन व प्रत्येक सुईची वेळ रोजनिशीत उतरवून डॉक्टरांना दाखविली. मात्रा कमी केली ती डॉक्टरांनीच. बोक्याने जेवण नाकारले तर सुई देण्याआधी त्यांना विचारावयाचे, हा नियम स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवला होता. आपल्याकडे ४० व १०० एककांचे इन्सुलिन दोन्ही मिळते आणि दोहोंच्या सुया भिन्न असतात, त्यांची सरमिसळ प्राणघातक ठरू शकते, हेही तेथेच लिहिले होते. लठ्ठ मांजराला लवकर वाळविण्यासाठी उपाशी ठेवणे हा आणखी एक घोर धोका. दोन-तीन दिवसांच्या उपवासानेही त्याच्या यकृतात मेद साचून ते निकामी होऊ लागते. वजन उतरवावयाचे ते आठवड्याला एखादा टक्का, अशा संथ गतीनेच.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. तेव्हा ओले अन्न वाटीत तासाभरात आंबूसते, म्हणून ते थोडे वाढून उरलेले उचलून ठेवावे लागते, आणि इन्सुलिनची बाटली शीतकपाटाबाहेर विसरून चालत नाही. अंतराचा प्रश्न याहून बिकट. शहरात जे दुकानात मिळते ते सिरोंच्याला मिळेलच असे नाही, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तेथील मांजरासाठी आदर्श अन्नाची यादी घेऊन बसण्यापेक्षा, अखंड मिळू शकेल असे अन्न निवडावे. मधुमेहासाठी खास बनविलेले कमी पिष्टाचे कोरडे दाणे पावसाळ्याच्या बेगमीला आधीच आणून ठेवले, ते तराजूवर मोजून दोन वेळा घातले आणि इन्सुलिन त्यांनाच जुळवून घेतले, तर ते उत्तम पण आज आहे अन् उद्या नाही अशा ओल्या अन्नाहून हितकर ठरते. मूत्रपिंड बिघडलेले असल्यास प्रथिने व स्फुरद यांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो निर्णय तपासणीनंतर पशुवैद्यांचाच.

योग्य अन्न व इन्सुलिन वेळेवर सुरू झाल्यास काही मांजरांची साखर इन्सुलिनविना आटोक्यात राहू लागते. बोक्याची मात्रा उतरली, सुई सुटली नाही. मात्र त्याचे पाणी पिणे आवरले, वजन सावरले आणि न्हाणीतल्या मुंग्या गेल्या. सर्वांत कठीण गेले ते पाहुण्यांना आवरणे, कारण ताटाशी येऊन बसलेल्या प्राण्याला घास न देणे हे आपल्या संस्कारात कठोरपणाचे गणले जाते. वहिनी प्रत्येकाला शांतपणे सांगत, "द्यायचंच असेल तर ही कोंबडीची वाटी घ्या, मोजलेली आहे." घास देण्याचा आनंद त्यांनी कोणाचा हिरावून घेतला नाही, फक्त तो घास मांजराच्या प्रकृतीला मानवेल असा आणि हिशेबात धरलेला असावा, एवढा बंदोबस्त केला. मुक्या प्राण्याला आपण पाळतो तेव्हा त्याच्या देहाचा धर्म समजून घेण्याची जबाबदारीही आपल्यावर येते, आणि ती या भाताच्या मुलखातील कोणत्याही घराला एक छोटा तराजू, एक वही व विश्वासाचा पशुवैद्य यांच्या आधारे पार पाडता येईल, अशी माझी खात्री आहे.