धनाग्राची बाजू नाकाने ओळखावी

चंचुपात्रात खडेमिठाचं संपृक्त द्रावण, त्यात चिमूटभर हळद, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली आणि नऊ व्होल्टची बॅटरी. वर्गात हा प्रयोग मांडायला एवढं पुरतं. तारा जोडल्या की ऋणाग्राच्या शिशावर बारीक बुडबुड्यांची झुंबड उडते आणि भोवतीचं पिवळं पाणी तांबडं होत जातं.

इथे सोडिअम साठेल अशी मुलांची खात्री असते. सोडिअमचे आयन ऋणाग्राकडे ओढले जातात हे खरंच, पण इलेक्ट्रॉन घेतं ते पाणी. त्यातून हायड्रोजन सुटतो, हायड्रॉक्साइड मागे राहतो आणि हळद लाल होते. हम्फ्री डेव्हीलाही द्रावणांतून आधी हायड्रोजन आणि ऑक्सिजनच मिळाले होते. पाणी टाळून थेट कॉस्टिक सोड्यात वीज सोडली, तेव्हा 1807 मध्ये त्याला सोडिअम सापडला.

धनाग्र मात्र सुरुवातीला मंद दिसतो. "सर, ही बाजू चालतच नाहीये," असं कोणीतरी म्हणतंच. वीजप्रवाह दोन्हीकडे सारखाच असतो. क्लोरीन तयार होतो आणि पाण्यात विरघळतो, म्हणून बुडबुडे कमी. तेवढ्यात पोहण्याच्या तलावाचा वास येतो. ओला निळा लिटमस वर धरला, तर आधी लाल होतो, मग पांढराफटक.

खरं तर तक्त्यातल्या आकड्यांप्रमाणे ऑक्सिजन आधी सुटायला हवा: त्याचं प्रमाण विभव 1.23 व्होल्ट, क्लोरीनचं 1.36. पण ग्राफाइटवर ऑक्सिजन बनण्याची क्रिया फार संथ, तिला बराच जादा व्होल्टेज लागतो. दाट मिठात क्लोराइड बाजी मारतो. मीठ कमी केलं की ऑक्सिजनचा वाटा वाढतो. काय शक्य आहे ते तक्ता सांगतो. प्रत्यक्षात काय घडेल ते अग्राचा पृष्ठभाग आणि द्रावणाची दाटी ठरवते. मला या प्रयोगातलं सगळ्यांत मोलाचं हेच वाटतं. सुटणाऱ्या थोड्या ऑक्सिजननेही शिसं झिजतं, तळाशी काळी भुकटी जमते. म्हणूनच कारखान्यांनी ग्राफाइट सोडून रुथेनिअम ऑक्साइडचा लेप दिलेलं टायटॅनिअम स्वीकारलं.

तिथे मध्ये पडदा असतो. आपल्या पात्रात तो नाही, त्यामुळे दोन्हीकडचे पदार्थ मिसळून सोडिअम हायपोक्लोराइट बनतं, पाणी निर्जंतुक करायला वापरतात तेच.

शिक्षकांनो, खिडक्या उघड्या ठेवा, बॅटरीच वापरा, भिंतीवरच्या प्लगला तारा लावू नका आणि दोन-चार मिनिटांत थांबवा. पण हा प्रयोग फळ्यावर उरकू नका.