सेल्फ घेत नाही

पहाटे ५:४०

फोन वाजतो. मिस्त्री तो अंथरुणातूनच उचलतात. विंचूर–लासलगाव रस्त्याला त्यांचा पत्र्याचा गाळा आहे, ऑटो इलेक्ट्रिकचा. जानेवारी महिना, निफाड तालुका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा सात अंशांच्या खाली उतरला की हा फोन पहाटेच सुरू होतो.

पलीकडे शेतकरी. पिकअपमध्ये रात्रीच कांदा भरून ठेवलाय, लासलगावला न्यायचाय, आणि गाडी चालू होईना.

"चावी मारल्यावर काय ऐकू येतं, भाऊ?"

"कट-कट करते नुसती."

"फोन बॉनेटपाशी धरा. आता मारा."

मिस्त्री ऐकतात. कट-कट-कट म्हणजे सेल्फपर्यंत, इंजिन फिरवणाऱ्या मोटारीपर्यंत, करंट पुरेसा पोहोचत नाही. एकच 'टक' आला तर सोलेनॉइड ओढतोय, पण मोटार अडकलीय. मोटार नुसती मोकळी गरगरली तर बेंडिक्सचे दाते फ्लायव्हीलला लागत नाहीत. मोटार जोरात इंजिन फिरवतेय आणि इंजिन पकडत नाही, तर विजेत शोधू नये, डिझेलकडे बघावं. आणि आवाजच नाही, तर वायर, स्विच नाहीतर फ्यूज.

"हेडलाइट लावा. लावूनच चावी मारा."

"उजेड पार गेला हो!"

"सोडा चावी. आता?"

"आला परत. लख्ख."

"बॅटरी बसलेली नाही. येतो मी. तोवर तांब्याभर पाणी तापवून ठेवा."

सकाळी ६:२०

मोटारसायकलच्या पिशवीत मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, ग्रीसची डबी आणि जंपर केबल. कानाला मफलर, हातात मोजे नाहीत. मोज्यांनी नट हाताला लागत नाही.

गाडी गोठ्याशेजारी उभी. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दव. मिस्त्री आधी मीटर लावतात. बॅटरी १२.४ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२.६ दाखवते, म्हणजे ही ठीक आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटाला आवळलेल्या टर्मिनलवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे मधे व्होल्ट दिसायलाच नकोत. शेतकरी चावी मारतो. मीटरवर सहा व्होल्ट. निम्मे व्होल्ट त्या दोन धातूंच्या मधेच मरतायत.

टर्मिनल उघडलं. आत पांढरा-हिरवा भुरा. गरम पाणी ओतलं, पॉलिश पेपरने खुंट आणि टर्मिनल चकचकीत घासले, आवळले, वरून ग्रीस. "कॉइलचा दिवा विझू द्या, मग मारा." डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझतो, चावी फिरते, इंजिन पहिल्या झटक्यात उठतं.

"मला तर काल एकाने नवी बॅटरी टाका सांगितलं होतं," शेतकरी म्हणतो.

मिस्त्री दोनशे सांगतात. "दहा मिनिटांचे दोनशे?" म्हणत तो दीडशे देतो. गाडी लगेच रस्त्याला लागते. बाजार समितीत आलेलं प्रत्येक वाहन म्हणजे एक नग. सकाळच्या लिलावात नंबर लागला नाही तर दुपारपर्यंत तिथेच थांबायचं.

मिस्त्रींच्या मोटारसायकलला जाऊन-येऊन साठ रुपयांचं पेट्रोल.

सकाळी ७:४५

शटर वर. पोरगा आधीच आलेला. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, आता चारशे रुपये रोजावर.

शटरशेजारी रंगवलेली पाटी. सेल्फ दुरुस्ती ४००. अल्टरनेटर ४००. बॅटरी चार्जिंग ६०. सगळ्यात खाली: तपासणी १००. वरच्या ओळी वाचून गिऱ्हाईक भाव पाडतं. खालची ओळ वाचून कोणी पैसे दिल्याचं मिस्त्रींना आठवत नाही.

रात्रभर चार्जिंगला लावलेल्या दोन बॅटऱ्या उतरवायच्या. पोरगा एकेका घराचं झाकण उघडून हायड्रोमीटर बुडवतो. पहिलीची सहाही घरं १२५० च्या आसपास. ती भरली. दुसरीची पाच घरं तेवढीच, सहावं ११२० वर अडकलेलं. रात्रभर करंट पिऊनही ते वर आलं नाही. एक सेल गेला की बॅटरी गेली. मालक येतो, बघतो, चार्जिंगचे साठ देताना कुरकुरतो. जुनी बॅटरी मात्र आठवणीने उचलून नेतो. भंगारात तिचे वजनावर पैसे येतात.

सकाळी ९:१०

कॉलेजचा मुलगा मोटारसायकल ढकलत येतो. घामाघूम. किक मारून पोटरी भरलीय. मिस्त्री गाडीला हातही लावत नाहीत. उजव्या मुठीजवळचं लाल बटण अंगठ्याने सरकवतात. "आता मार." गाडी चालू. कोणीतरी मस्करीत किल स्विच बंद केला होता.

"किती, काका?"

"जा. पेपर आहे ना तुझा?"

सकाळी १०:००

बांधावरून बोलावणं. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर उभा, टाकीत औषध कालवलेलं. दव सुकलंय, आत्ताच फवारायचं. चावी मारली तर आवाज नाही. कट नाही, टक नाही.

टेस्ट लॅम्प म्हणजे बारा व्होल्टचा बल्ब, एका वायरला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा बॉडीला, सुई सोलेनॉइडच्या बारीक वायरला. चावी मारली, बल्ब पेटला नाही. म्हणजे सेल्फला हुकूमच पोहोचत नाही. मिस्त्री वायरचा माग काढत मागे मागे येतात. क्लचच्या पायाखाली स्विच आहे. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणून बसवलेला. त्याची पट्टी चिखलाने वाकलीय, आत पाणी गेलंय. मिस्त्री गिअर न्यूट्रलला असल्याचं हाताने हलवून बघतात, मग स्विचच्या दोन वायरी एकमेकींना टेकवतात. ट्रॅक्टर धडधडतो.

"राहू द्या की असंच डायरेक्ट," शेतकरी म्हणतो. "स्विच कशाला घालता?"

"गिअरमध्ये राहिला आणि खाली उभं राहून चावी मारली, तर पहिलं चाक तुमच्यावर येईल."

पोरगा मोटारसायकलवर जाऊन स्विच आणतो. दुकानात दीडशे. शेतकऱ्याला स्विचचे एकशेऐंशी आणि मजुरी दीडशे. तो तीनशेतीस रोख देतो. औषध कालवलेलं आहे, घासाघीस करायला वेळ नाही.

सकाळी ११:३०

ओट्यावर कालचा सेल्फ. हे काम पोरगा करतो, मिस्त्री स्टुलावर बसून बघतात. मागचं झाकण उघडलं तशी काळी पूड सांडली. झिजलेल्या कार्बनची. चारही कार्बन इतके आखूड की मागची स्प्रिंग त्यांना दाबूच शकत नाही. बुशही खाल्लाय. त्यामुळे आर्मेचर खाली बसून बाजूच्या लोखंडाला घासलंय, अंगावर ओरखडे.

"आता आधी काय बघशील?"

"आर्मेचर शॉर्ट आहे का."

टेस्ट लॅम्पचं एक टोक तांब्याच्या पट्ट्यांना, दुसरं शाफ्टला. बल्ब पेटला असता तर आर्मेचर भंगारात. पेटत नाही. पोरगा पट्ट्यांवरून पॉलिश पेपर फिरवतो, दोन पट्ट्यांमधल्या फटींतली पूड हॅकसॉच्या पात्याने कोरून काढतो. नवे कार्बन, नवा बुश. बेंडिक्स डिझेलने धुतला. त्याला ग्रीस लावायचं नाही, धूळ धरते आणि दाते अडकतात.

मग चाचणी. सेल्फ जमिनीवर, वर पोऱ्याचा बूट. जंपर टेकवताच मोटार पायाखाली उसळते. बूट निघाला तर ती लांब जाऊन पडेल. गाडीत बसवल्यावर डिझेल इंजिन फिरवताना हीच मोटार दीडशे-दोनशे अँपिअर ओढते. म्हणून मिस्त्री सगळ्यांना सांगतात, दहा सेकंदांच्या वर चावी धरू नका, मधे निदान अर्धा मिनिट थांबा.

सामान साडेचारशे, मजुरी चारशे. मालक येऊन घेऊन जातो. "कांद्याची पट्टी झाली की देतो." वहीत साडेआठशे.

दुपारी १:३०

डबा. बाजरीची भाकरी, कांद्याची पात, ठेचा. आधी हात रॉकेलने, मग साबणाने. बॅटरीच्या पाण्यात आम्ल असतं. मिस्त्रींच्या सगळ्या पँटींना मांडीवर बारीक भोकं आहेत.

दुपारी २:३०

आजचं अवघड काम आता आलं. पिकअप. रोज चालवली तर ठीक, दोन रात्री उभी राहिली की बॅटरी झोपलेली. मालकाने साडेपाच हजारांची नवी बॅटरी टाकली. आठवड्याने पुन्हा तेच.

चार्जिंग आधी. इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट. अल्टरनेटर भरतोय. मग भरलेलं कुठेतरी सांडतंय.

इंजिन बंद, चावी बाहेर. दाराच्या लॉकमध्ये पेचकस अडकवून दार बंद असल्याचं गाडीला भासवलं, नाहीतर आतला दिवा पेटता राहतो आणि मीटर फसवतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि तिच्यामधे मीटर जोडला. वीस मिनिटं थांबायचं. गाडीतली कंट्रोल युनिटं लगेच झोपत नाहीत. चहा येतो. मालक घड्याळ बघतो.

वीस मिनिटांनी मीटरवर दीड अँपिअर. असायला हवेत जास्तीत जास्त पन्नास मिलिअँपिअर, म्हणजे याचा तिसावा भाग. दीड अँपिअर चौदा तास चालला तर एकवीस अँपिअर-अवर गेले, ६५ च्या बॅटरीतला तिसरा हिस्सा. दुसऱ्या रात्री आणखी तेवढेच. वर ही थंडी. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट होतं. देणारा दुबळा, मागणी जास्त.

पोरगा एकेक फ्यूज उपसतो, मिस्त्री मीटरवर डोळा ठेवतात. हॉर्न, दीड. वायपर, दीड. केबिनचा दिवा, दीड. सगळे फ्यूज संपले, आकडा हलला नाही. अल्टरनेटरची जाड वायर सोडली. तरी दीड.

"मग कंपनीच्या वायरिंगात नाही," मिस्त्री म्हणतात. "शेठ, वरून काय काय लावलंय?"

"काही नाही. टेप तेवढा. आणि मागे लायटिंग."

मिस्त्री सीट उचलतात. खाली अँप्लिफायर. त्याला हाताची मागची बाजू लावतात. कोमट. तासाभरापासून बंद असलेल्या गाडीत कोमट. त्याची एक वायर थेट बॅटरीला, फ्यूज नसलेली, आणि ज्या वायरने तो चालू-बंद व्हायचा तीही तिथेच बांधलेली. टेप बंद केला की आवाज थांबतो, अँप्लिफायर जागाच राहतो.

ती बारीक वायर चावीच्या लाइनवर घेतली. जाड वायरमधे फ्यूज होल्डर टाकला. सोल्डर, वर स्लीव्ह, वर टेप. पुन्हा मीटर. दीडवरून शून्य दशांश शून्य तीन.

"किती झाले?"

"चारशे. पन्नास सामानाचे."

"मिस्त्री, पार्ट तर काहीच टाकला नाही तुम्ही."

मिस्त्री बोलत नाहीत. पोरगा बोलायला जातो, ते त्याला हाताने थांबवतात. मालक तीनशे काढून ओट्यावर ठेवतो.

सायंकाळी ५:१५

कांदा भरून निघालेला तमिळनाडूचा ट्रक पेट्रोलपंपाच्या अलीकडे थांबलाय. ड्रायव्हरचं हिंदी मोडकं, पण खूण पुरते. तो चावी मारून दाखवतो. इंजिन फिरतं, पकडत नाही. सेल्फमधून गरम वास येतोय. बराच वेळ मारलाय. मिस्त्री त्याचा हात चावीवरून काढतात.

डिझेल संपलं होतं, कॅनने आणून टाकलं. टाकी भरली, पण पाइपात हवा राहिली. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल केला, हातपंप दाबायला सुरुवात. आधी फेस. मग बुडबुडे. मग थुंकत-थुंकत डिझेल. मग सलग धार. स्क्रू आवळला. दोन बॅटऱ्यांचे चोवीस व्होल्ट आता थकलेले. दहा मिनिटं विश्रांती, मग एक चावी. ट्रक उठतो. ड्रायव्हर न विचारता पाचशेची नोट काढतो. त्याला रात्रीत लांब जायचंय.

रात्री ८:००

हिशोब. रोख आले: सकाळचे दीडशे, चार्जिंगचे एकशेवीस, ट्रॅक्टरचे तीनशेतीस, पिकअपचे तीनशे, ट्रकचे पाचशे. चौदाशे.

गेले: पोऱ्याचा रोज चारशे, सेल्फचं सामान साडेचारशे, स्विच दीडशे, फ्यूज होल्डर आणि वायर पन्नास, पेट्रोल साठ, चहा साठ, गाळ्याचं दिवसाचं भाडं एकशेतीस. तेराशे.

हातात शंभर. वहीत साडेआठशे, तेही कांद्याच्या भावावर.

तुमची गाडी उद्या सकाळी उठली नाही, तर नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल उघडून बघा. नाही कळलं तर मिस्त्रीला बोलवा. आणि त्याने काहीच न बदलता गाडी चालू करून दिली, तर त्याच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचून तेवढे पैसे द्या.