दोरीवरच्या विमानाची दोरी

विमान आणि बंगळूर यांचे नाते जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये याच शहरी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. शहराच्या आग्नेयेस, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी छोटे विमान उडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने इंजिनाइतकाच दोरीचाही विचार केला पाहिजे.

दोरीवरचे विमान मोकळे उडत नाही; चालकाभोवती ते वर्तुळात फिरते. चालकाच्या मुठीपासून निघालेल्या दोन दोऱ्या विमानातील एका तरफेस जोडलेल्या असतात. मूठ कलली की एक दोरी ओढली जाते, तरफ फिरते आणि शेपटीवरील आडवी झडप वर किंवा खाली होते. विमान चढते वा उतरते ते यामुळेच.

या दोऱ्यांवर ताण किती येतो? समजा, विमान २०० ग्रॅमचे, दोरी १२ मीटरची आणि वेग सेकंदास २० मीटर आहे. वस्तुमानास वेगाच्या वर्गाने गुणून त्रिज्येने भागले असता सुमारे ६.७ न्यूटन इतके बल मिळते. हे विमानाच्या वजनाच्या तिपटीहून अधिक झाले. हिसक्याने ताण आणखी वाढतो. म्हणून दहापट, म्हणजे दोन किलोग्रॅम, भार गृहीत धरणे शहाणपणाचे होय.

मात्र केवळ बळकटी पुरेशी नाही. दोरी ताणली जाता कामा नये. १२ मीटरची दोरी शेकडा एक जरी लांबली, तरी ती वाढ १२ सेंटिमीटर होते. मुठीची हालचाल तर काही सेंटिमीटरांचीच असते! गळाची एकेरी नायलॉन दोरी याच कारणाने निरुपयोगी ठरते. विणलेली डॅक्रॉनची दोरी तिच्याहून बरी. अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिइथिलीनची विणलेली दोरी मात्र फारच थोडी ताणली जाते. ती बारीक असून पाण्याहूनही हलकी असते. तिचा गुळगुळीतपणाही उपयोगी पडतो. कोलांट्यांमुळे दोऱ्यांना पीळ बसला, तरी त्या एकमेकींवरून सहज सरकतात.

या गुणांना दोन दोषही जोडलेले आहेत. गुळगुळीत दोरीची साधी गाठ निसटते. शिवाय ही दोरी सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून ती इंजिनाच्या तप्त भागास लागू देऊ नये.

गाठीमुळे दोरीची शक्ती निम्म्यावर येऊ शकते, आणि घासल्याने ती आणखी घटते. प्रसंगी सारा भार एकाच दोरीवर पडतो, हेही ध्यानात घेतले तर वरील विमानास सुमारे नऊ किलोग्रॅम शक्तीची दोरी योग्य ठरेल. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. याहून जाड दोरी घेतल्यास हवेचा विरोध व्यर्थ वाढतो.

प्रत्येक उड्डाणापूर्वी मूठ, दोऱ्या आणि विमान यांची जोडणी दहापट भाराने ओढून पाहावी. विणीचे धागे सुटलेले दिसताच दोरी टाकून द्यावी. दोरी तुटलेले विमान स्पर्शरेषेच्या दिशेने सुटते, आणि त्या दिशेस माणसे उभी असू शकतात. औद्योगिक वसाहतीत विजेच्या तारा अनेक असतात. ओली वा मळकी दोरीही वीज वाहून नेऊ शकते; तेव्हा अशा तारांपासून दूर असलेले मोकळे मैदानच निवडावे. तुटलेल्या दोरीचे तुकडे गोळा करून न्यावेत. ते पक्ष्यांच्या पायांत अडकतात.