जुन्या गाडीचा क्लच: दोष ओळखणे आणि दुरुस्ती

विद्यार्थी मित्रांनो, क्लचची रचना आणि टॉर्कचे सूत्र तुम्ही वर्गात शिकला आहात. या पाठात तेच ज्ञान प्रत्यक्ष गाडीवर वापरायचे आहे. उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊ. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेली ही गाडी अजूनही रस्त्यावर दिसते. तिचा क्लच केबलवर चालतो, त्यामुळे शिकायला सोपा आहे.

आधी एक अनुभव सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरची ही गाडी चढावर ओढेनाशी झाली. गॅरेजमध्ये नवी क्लच प्लेट बसवली. तीन महिन्यांत तोच त्रास पुन्हा सुरू झाला. आमच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स उतरवल्यावर नवी प्लेट तेलाने माखलेली दिसली. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गळत होते. प्लेट बदलली होती, कारण मात्र तसेच राहिले होते. घरच्यांना गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा पडली. म्हणून पाठाचा मुख्य मुद्दा असा: आधी दोषाचा प्रकार ठरवा, मग कारण शोधा, आणि त्यानंतरच पाना हातात घ्या.

१. दोषाचा प्रकार कसा ठरवाल?

*स्लिप:* क्लच पूर्ण पकडत नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर स्लिप आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला गाडीचा भार जास्त जाणवतो, म्हणून स्लिप तिथे आधी दिसते.

*ड्रॅग:* क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन आयडलिंगवर ठेवून पेडल तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसते. गिअर कर्रकन वाजला, तर प्लेट अजून फिरत आहे.

*थरथर:* गाडी उठताना हिसके बसतात. लायनिंगवर तेलाचे डाग, फ्लायव्हीलचा खराब पृष्ठभाग किंवा सैल इंजिन माउंटिंग तपासा.

*आवाज:* पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल दाबल्यावर आवाज थांबला, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहा.

२. पहिली मोजणी: फ्री प्ले

पेडल हाताने दाबा. जोर लागू लागेपर्यंत ते जितके सरकते, तो फ्री प्ले. केबलच्या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. लायनिंग झिजले की डायफ्राम स्प्रिंगची बोटे रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि फ्री प्ले कमी होतो. केबल ताणली की तो वाढतो. फ्री प्ले शून्य असेल, तर पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि स्लिप होतो. फार जास्त असेल, तर पेडल तळाला गेले तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि ड्रॅग होतो. दोन्ही वेळा गिअरबॉक्सजवळच्या रिलीज आर्मवरचा अ‍ॅडजस्टिंग नट फिरवून पाहा. केबलचे धागे तुटले असतील, तर केबल बदला. अ‍ॅडजस्ट करूनही दोष राहिला, तरच क्लच उघडा.

३. तेल लागले की काय होते?

सिंगल प्लेट क्लचला घर्षणाचे दोन पृष्ठभाग असतात. म्हणून:

टॉर्क क्षमता = २ × घर्षणांक × स्प्रिंगचे बल × सरासरी त्रिज्या

समजा, घर्षणांक ०.३, बल २५०० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या ०.०६७५ मीटर आहे. क्षमता सुमारे १०१ न्यूटन-मीटर येते. इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे ६० आहे, म्हणजे पुरेसा वाव आहे. आता तेलामुळे घर्षणांक निम्मा, म्हणजे ०.१५ झाला असे धरा. क्षमता ५१ च्या आत येते. लायनिंग कितीही नवे असले तरी क्लच स्लिप होणारच. त्या विद्यार्थ्याच्या गाडीत हेच झाले होते.

४. उघडल्यावर काय पाहाल?

- गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.
- जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. धूळ हवेने उडवू नका; मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.
- रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागाजवळ आली असतील, तर प्लेट बदला.
- तेल दिसले तर कोणते ते ओळखा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. तसा वास असेल तर इनपुट शाफ्टचे सील पाहा, नसेल तर क्रँकशाफ्टचे.
- फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का, ते पाहा.

५. बसवताना

मजुरी मोठी असल्याने प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलणे परवडते. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे येते, ते तपासा. अलाइनमेंट टूलने प्लेट मध्यावर आणा, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जाणार नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. जास्त झाले तर तेच लायनिंगवर उडते. शेवटी फ्री प्ले पुन्हा मोजा.

नवा क्लच टिकवायचा असेल, तर चढावर गाडी हाफ क्लचवर धरू नका, हँडब्रेक वापरा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात लायनिंग कोरडे आहे, पण स्प्रिंगचे बल १८०० न्यूटनपर्यंत घटले आहे. क्षमता काढा. वाव किती उरला?

२. एका गाडीत रिव्हर्स वाजतो आणि फ्री प्ले ४० मिलिमीटर आहे. प्रथम काय कराल आणि का?