नृत्यांतील रंगांचें कार्य

आपल्या भाषेंतील 'रंग' हा शब्द मोठा मार्मिक आहे. वस्तूच्या वर्णास रंग म्हणतात, आणि जेथें नाट्य व नृत्य चालतें त्या स्थळासही आपण 'रंगभूमि' म्हणतों. तथापि नृत्यांतील रंग म्हणजे केवळ शोभा, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे, हें आम्ही येथें तीन उदाहरणांवरून पाहूं.

१८९२ सालीं पॅरिस येथें लोई फुलर या अमेरिकन नर्तकीनें पांढऱ्या रेशमाचा घोळदार झगा फिरवीत नृत्य केलें. रंगीत कांचांतून विजेचा प्रकाश त्यावर पडे, आणि घटकेंत ज्वाला, तर घटकेंत फूल भासे. पांढरें वस्त्र पडेल तो रंग परत पाठवितें, म्हणून हें साधलें. तांबड्या प्रकाशांत हिरवें वस्त्र काळेंच दिसतें.

१९६० सालीं न्यूयॉर्क येथें आल्विन एली यांनीं 'रेव्हलेशन्स' ही रचना सादर केली. ती अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांवर बसविलेली आहे. आरंभीं वस्त्रें मातकट असतात. दुःखानें वांकलेलीं माणसें जणूं भूमींतूनच उगवलीं आहेत. पुढें बाप्तिस्म्याच्या प्रसंगीं वस्त्रें शुभ्र होतात, आणि रंगमंचावर आडवें ताणलेलें निळें कापड हालवून नदी दाखवितात. शेवटीं पिवळा रंग येतो, आणि उन्हासारखा आनंद पसरतो.

१९७५ सालीं जर्मनींतील वुपरताल येथें पीना बाउश यांनीं स्त्राव्हिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या संगीतावर नृत्य बसविलें. मंचभर माती, स्त्रियांचीं वस्त्रें फिकीं, आणि एकच वस्त्र तांबडें! वसंतासाठीं जिचा बळी द्यावयाचा, तिनें तें ल्यावयाचें. म्हणून जी ती भयानें तें दुसरीच्या हातीं सारते. आपल्याकडे तांबडा रंग कुंकवाचा, मंगल. तेथें तोच मृत्यूचा. म्हणजे रंगाचा अर्थ प्रसंगानें व भोंवतालच्या रंगांनीं ठरतो. सर्वच वस्त्रें तांबडीं असतीं, तर त्या एका मुलीचें दुःख कोणासही दिसलें नसतें.

आमच्या विद्यार्थी मित्रांनीं संमेलनाच्या वेळीं याचा विचार अवश्य करावा. जरीच्या पोशाखासाठीं आईवडिलांस खर्चांत घालण्यापूर्वीं, 'या नृत्यांत हाच रंग कां?' असें स्वतःस विचारावें. उत्तर सांपडलें, तर घरांतील जुनी निळी साडीही नदी होऊं शकेल. आणि तें न सांपडल्यास, उंची वस्त्रें आणूनही नृत्य कोरडेंच राहील.