प्लॉट नंबर सत्तावीस कोणाचा?

नागपुरात नुसता प्लॉट नंबर सांगून कोणाचे घर सापडत नाही. लेआउट कोणता, सोसायटी कोणती, जवळ मशीद आहे की किराण्याचे दुकान, हे सगळे सांगावे लागते. कारण प्रत्येक लेआउटची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. नागपूर सुधार प्रन्यासच्या कागदोपत्री ‘५७२’ आणि ‘१९००’ लेआउट प्रसिद्धच आहेत. शेतजमिनीचे तुकडे पडून वसलेल्या वस्त्यांच्या संख्येवरून ही नावे पडली. आता इतक्या लेआउटांत सत्तावीस नंबरचा प्लॉट किती ठिकाणी असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

वस्तीतला जुना पोस्टमन हा हिशेब पाठ करून असतो. इंटरनेट कंपनीचा संगणक मात्र पोस्टमन नाही. त्याच्यापुढे पत्ता म्हणजे फक्त अक्षरे. अक्षरे जुळली की त्याला घर जुळले असे वाटते, आणि एका घराची मागणी दुसऱ्या घराच्या लाइनवर जाऊन बसते.

हे कसे घडते ते पाहू. एक कुटुंब घर बदलते. नव्या घरात आधीच्या भाडेकरूची फायबर लाइन असते. तीच आपल्या नावावर करून द्या, असा अर्ज ते करतात. अर्ज योग्यच असतो. पण कंपनीत बसलेला मुलगा ‘प्लॉट २७’ शोधतो, त्याला आपले खाते दिसते आणि आपली चालू लाइन बंद करून त्यांना देण्याचा आदेश निघतो. यात चोरी नाही, लबाडी नाही. दोन घरांच्या मध्ये एक अर्धवट पत्ता आहे, इतकेच.

आमच्या घरी हे एकदा नव्हे, तीनदा झाले. पहिल्यांदा फोन आला, ‘तुमची लाइन ट्रान्सफर होत आहे.’ आम्ही नाही म्हणालो, पलीकडून ‘ओके मॅडम’ आले. दहा-बारा दिवसांनी टेक्निशियन दारात उभा. ‘काकू, वरून रिक्वेस्ट आहे, मी काय करू?’ त्यालाही चहा देऊन परत पाठवले. तिसऱ्यांदा कोणी फोन केला नाही, कोणी आले नाही, लाइनच गेली. मुलीच्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याची ती शेवटची संध्याकाळ. शेजारच्या भाभींच्या मोबाइलवरून फॉर्म भरला म्हणून वर्ष वाचले. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. तेव्हा घरची लाइन ही आता करमणुकीची गोष्ट राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, अब्बांची पेन्शन, सौदीत असलेल्या मुलाचा रात्रीचा व्हिडिओ कॉल, सगळे तिच्यावर आहे.

तीन वेळा नाही म्हणूनही मागणी परत का येते? कारण तोंडी नकाराने ती एक मागणी रद्द होते, तिच्यामागची पत्त्याची नोंद तशीच राहते. समोरच्या कुटुंबाला लाइन मिळालेली नसते, ते बिचारे पुन्हा अर्ज करतात आणि संगणक पुन्हा आपल्याच दारात येतो. म्हणून मागणी परतवणे पुरेसे नाही, नोंद दुरुस्त करून घेतली पाहिजे.

मोबाइलच्या बाबतीत ही अडचण बरीच कमी आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर आली. तिथे आपल्याच मोबाइलवरून १९०० या क्रमांकावर संदेश जावा लागतो, मग आठ अक्षरांचा कोड येतो आणि त्या कोडशिवाय नंबर हलत नाही. १ जुलै २०२४ पासून आणखी एक कडी लागली. सिम बदलून घेतले असेल तर सात दिवस हा कोडच मिळत नाही. म्हणजे संमती मालकाच्या हातातून निघते. घरच्या ब्रॉडबँडला असे कुलूप नाही, कारण स्थिर लाइनचा नंबर कंपन्यांमध्ये हलवण्याची सोयच आपल्याकडे नाही. जे चालते ते कंपनीच्या आतल्या कारभारावर चालते.

ब्रिटनमध्ये लाइन पत्त्याशी बांधलेली असते. तिथे नवा राहायला येणारा चालू लाइन ताब्यात मागू शकतो. म्हणूनच तिथे जुन्या ग्राहकाला आधी कळवण्याची पद्धत पडली, म्हणजे चुकीची मागणी त्याला थांबवता येते. ‘फ्लॅट २’ आणि ‘२ अ’ यांचा घोटाळा तिथेही होतोच. नागपूर असो की लंडन, रोग एकच आहे.

आता उपाय. पहिली गोष्ट, लाइन गेली की आरडाओरड करण्याआधी भिंतीवरच्या डब्याचे दिवे पाहा. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर काच-तारेतून प्रकाश येत नाही. तार तुटली आहे, किंवा गल्लीतल्या पेटीतून कोणीतरी आपले टोक काढले आहे. एकाच तारेतून अनेक घरांना फाटे जातात. पेटीतल्या टोकांवर नाव-नंबर नसेल तर टेक्निशियन दुसऱ्याचे टोक काढू शकतो. ‘पॉन’चा दिवा हिरवा स्थिर असूनही इंटरनेट नसेल, तर तार ठीक आहे. मग गडबड राउटरमध्ये, कंपनीच्या यंत्रणेत किंवा खात्यात असते. राउटर एकदा बंद-चालू करा आणि तरी चालले नाही तर खाते बंद झाले आहे का, हे नेमके विचारा. हे दोन वाक्यांत सांगता आले की कस्टमर केअरवरचा अर्धा तास वाचतो.

दुसरी गोष्ट, नकार लेखी द्या. ग्राहक क्रमांक, नोंदणीकृत मोबाइल, डब्याच्या पाठीवरचा अनुक्रमांक आणि पूर्ण पत्ता लिहून ईमेल करा. ‘आमच्या संमतीशिवाय ही लाइन हलवू, बंद करू किंवा दुसऱ्याच्या नावे करू नये, याच प्लॉट नंबरचे दुसरे घर अमुक लेआउटमध्ये आहे’ असे स्पष्ट लिहा. उत्तरात तक्रार क्रमांक मागा. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजा.

तिसरी गोष्ट, खात्यावर मोबाइल कोणाचा आहे ते तपासा. कित्येक घरांत लाइन घेताना केबलवाल्या पोराने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा पुण्याला गेलेल्या भाच्याचा. मग ओटीपी तिकडे जातो आणि घरात कोणाला पत्ता नसतो. नंबर घरात राहणाऱ्या माणसाचाच हवा. आपल्या नावावर एकूण किती मोबाइल जोडण्या आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसते. अनोळखी जोडणी असेल तर ‘माझा नंबर नाही’ अशी नोंद तिथेच करता येते. मागणी नुसती चुकीची नसून फसवणुकीची वाटली, ओटीपी मागितला गेला किंवा पैसे गेले, तर १९३० वर फोन करायला वेळ लावू नका.

कंपनी ऐकत नसेल तर पायऱ्या आहेत. आधी तक्रार केंद्र. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचे. तिथे शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

मूळ दुखणे मात्र पत्त्याचे आहे, आणि ते जुनेच आहे. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांनी टपाल खाते हैराण झाले, तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने, संस्कृतच्या विद्वानाने, पिनकोडची कल्पना दिली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. पण पिनकोड वस्तीपर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. मे २०२५ मध्ये टपाल विभागाने ‘डिजिपिन’ आणला आहे. साधारण चार मीटर लांब-रुंद तुकड्याला दहा अक्षरांचा एक कोड असतो. त्यामुळे दोन लेआउटमधले दोन सत्तावीस वेगळे पडतात. एकावर एक मजल्यांना मात्र तो एकच येतो, म्हणून मजला लिहायलाच हवा.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही पलीकडच्या लेआउटमध्ये जाऊन त्या दुसऱ्या सत्तावीसच्या घराची कडी वाजवली. वाद घालायला नाही, त्यांचा अर्ज पाहायला. त्यावर लेआउटचे नावच नव्हते. त्यांची मुलेही महिनाभर लाइनविना होती. दोन्ही घरांनी एकाच दिवशी, एकमेकांचा पत्ता नमूद करून ईमेल पाठवले, आणि त्यानंतर मागणी आली नाही. कंपनीच्या संगणकाला जे कळत नव्हते ते दोन शेजाऱ्यांनी मिळून लिहून दिले. ज्याच्या अर्जामुळे आपल्याला त्रास होतो, तो बहुधा आपल्याइतकाच अडकलेला असतो. कंपनीशी भांडण्याआधी त्याचे दार शोधावे.

ग्राहक क्रमांक, डब्याचा अनुक्रमांक, लेआउटच्या नावासह पूर्ण पत्ता आणि शेवटचा तक्रार क्रमांक एका कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी चिकटवा. टेक्निशियन येईल तेव्हा घरात फक्त दादी असली, तरी तिने तो कागद त्याच्यापुढे धरला की पुरे.