पगार आहे, पण पोटभर जेवण नाही

टोरांटो : ना पूर, ना हिमवादळ, तरीही इथल्या शहरांनी आणीबाणी जाहीर केली आहे. अन्न असुरक्षितता ही आणीबाणीच आहे, असा ठराव २०२४ च्या नोव्हेंबरात मिसिसॉगाने आणि डिसेंबरात टोरांटोने केला. आपल्याकडे मसूर पाठवणारा, जगाला गहू विकणारा हा देश. दुकानं भरलेली आहेत. लोकांकडे घ्यायला पैसे नाहीत.

स्टॅटिस्टिक्स कॅनडा हा सरकारी विभाग घराघरांत विचारतो : पैशाअभावी अन्न संपेल अशी धास्ती वाटली का? मोठ्यांनी जेवण कमी केलं का? कुणी दिवसभर उपाशी राहिलं का? २०२३ च्या पाहणीत दहा प्रांतांतले सुमारे एक कोटी लोक अशा घरांत राहत असल्याचं दिसलं. म्हणजे चारांतला एक. त्यांत पंचवीस लाख मुलं आहेत.

ही घरं बेकारांची असतील असं वाटतं, पण त्यांतली निम्म्याहून अधिक घरं पगारावरच चालतात. आमच्या ऑन्टारियो प्रांतात किमान वेतन २०१८ च्या जानेवारीत तासाला १४ डॉलर झालं. पुढच्या वर्षी ते १५ होणार, असा कायदाही होता. सरकार बदललं आणि डग फोर्ड यांच्या सरकारने ही वाढ रोखली. १५ डॉलर मिळायला २०२२ उजाडलं. आता किमान वेतन दरवर्षी महागाईनुसार वाढतं, पण पायाच खाली राहिला, त्याचं काय? ऑक्टोबर २०२५ पासून दर १७.६० आहे. आठवड्याला चाळीस तास राबून महिन्याला करापूर्वी साधारण ३,०५० डॉलर होतात. त्यातले दोन हजारांहून अधिक एका बेडरूमच्या घराच्या भाड्यात जातात. टोरांटो परिसरात नीट जगायला तासाला २६ डॉलर लागतात, असा हिशेब ऑन्टारियो लिव्हिंग वेज नेटवर्कने २०२४ मध्येच मांडला होता. भाडं, वीज, बसचा पास चुकवता येत नाहीत. कपात होते ती किराण्यात. आई आधी स्वतःचं जेवण कमी करते, मग भाजी, फळं, दूध जातं.

यावर इथलं ठरलेलं उत्तर म्हणजे फूड बँक. देशातली पहिली १९८१ मध्ये एडमंटनला निघाली. वाईट दिवस सरेपर्यंतची सोय, असंच तेव्हा मानलं होतं. मार्च २०२४ या एका महिन्यात देशभरच्या फूड बँकांत वीस लाखांहून अधिक खेपा झाल्या. तिथे राबणाऱ्या स्वयंसेवकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण टोरांटो विद्यापीठातल्या व्हॅलरी टारासुक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की अडचणीतली बहुतेक कुटुंबं फूड बँकेत जातच नाहीत आणि जातात त्यांचीही मिळकत त्याने वाढत नाही.

मिळकत वाढली की काय होतं, हे याच देशाने पाहिलं आहे. पासष्टी ओलांडून सरकारी पेन्शन सुरू झालं की गरिबांमधली अन्न असुरक्षितता जवळपास निम्मी होते. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉर प्रांताने निराधारांचा भत्ता वाढवून महागाईशी जोडला, तेव्हा २००७ ते २०१२ या काळात भत्त्यावर जगणाऱ्यांमधलं हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवरून ३४ वर आलं. उपाय ठाऊक असताना सरकारांनी तो टाळावा आणि लोकांना दानाच्या रांगेत उभं करावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

त्या रांगेत आता परदेशी विद्यार्थीही असतात, महाराष्ट्रातून आलेलेही. सत्र चालू असताना त्यांना कॉलेजबाहेर आठवड्याला चोवीसच तास काम करता येतं. किमान दराने त्याचे सव्वाचारशे डॉलरही होत नाहीत, तेही काम मिळालं तर. मुलांना इकडे पाठवणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे : फीसाठी कर्ज काढताना वर्षभराचं भाडं आणि किराणा त्यात आधीच धरा. पोरगं फोनवर ‘जेवलो’ म्हणालं, तरी काय जेवलं ते विचारा.